तिकीट काढून ऐकलेलं घोरणं

माझी वहिनी चालून पोट भरते. हे सांगितलं की लोक आधी तिच्या पायांकडे बघतात, मग माझ्याकडे, मी थट्टा करतेय का ते ताडायला. पण खरंच आहे ते. सिनेमात नटी जिना उतरते तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा नटीची नसतात. शूटिंगच्या वेळी जनरेटर, पंखे, कुणाचं तरी खोकणं असं काहीबाही त्यात मिसळलेलं असतं. म्हणून नंतर स्टुडिओच्या एका बंद खोलीत पडद्याकडे बघत कुणीतरी तशीच पावलं टाकतं, तशीच साडी सळसळवतं, तसाच पेला टेबलावर ठेवतं. ते कुणीतरी म्हणजे वहिनी.

तिच्या त्या खोलीत जमिनीचे चौकोन पाडलेले आहेत. एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, एकात करकरणाऱ्या फळ्या. भिंतीला लावून परक्यांच्या चपला-बूट. कोबी पिळवटला की माणसाचं हाड मोडतं, चामड्याचे हातमोजे झटकले की कबुतर उडतं. पहिल्यांदा खोली पाहिली तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, हे तर भंगाराचं दुकान आहे."

"असणारच. सगळं तुमच्या माहेरहून आणलंय, वन्सं," ती म्हणाली.

एरवी आमचं अगंतुगं असतं. तिने 'वन्सं' आणि 'तुम्ही' काढलं की समजायचं, टोमणा येतोय.

माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, विमा कचेरीत कारकून होता आणि रविवारी दुपारी सोफ्यावर झोपणं हा त्याचा धर्म होता. लहानपणी झोपाळ्यावरून पडून त्याच्या नाकाचं हाड वाकडं झालं होतं. त्यामुळे श्वास आत जाताना बारीक शीळ वाजायची, बाहेर येताना ओठांचं फुस्स व्हायचं, आणि मग मध्येच सगळं बंद. आपण दचकून मान वर करावी, तोवर पुन्हा शीळ. आपण घोरतो हे मात्र त्याने जन्मभर कबूल केलं नाही. शेवटी वहिनीने एका रविवारी स्टुडिओतला माईक आणून त्याच्या उशाशी ठेवला आणि टेपवर पुरावाच गोळा केला. दादाने तो शांतपणे ऐकला आणि म्हणाला, "हा मी नव्हेच. तुमच्या स्टुडिओतला कुणीतरी दिसतोय."

पुढे दादा गेला आणि तो पुरावाच तिच्याजवळ उरला. त्याचं बोलणं फोनमध्ये होतं, 'पोचलो', 'दूध आणू का' वगैरे. पण ते तिला पुरेसं नव्हतं. "बोलताना ते सगळ्यांचे होते. झोपेतले फक्त माझे," असं ती म्हणायची. मी एकदा म्हटलं, मलाही ऐकव. सख्खी बहीण आहे मी. तर सरळ 'नाही' म्हणाली. मला राग आला होता, पण पटलंही होतं. जुनी टेप खराब होईल म्हणून तिने तिची एक प्रत करून फक्त लेकीकडे दिली, जपून ठेव म्हणून. माझी भाचीही आईच्याच धंद्यात आहे. सिनेमाचे सगळे आवाज एकत्र जुळवून बसवायचं काम ती करते, आणि चांगलं करते.

ह्या वर्षी भाचीने एका प्रेमकथेचं काम घेतलं. बायकांची पावलं अर्थातच वहिनीची. पहिल्या जाहीर खेळाला, दुपारच्या, तिने आम्हा दोघींना बोलावलं. आईला म्हणाली, "तुझ्यासाठी एक गंमत आहे."

आता त्या सिनेमाबद्दल काय सांगू? एक घर, समोर पाणी. एक बाई, एक पुरुष. बाई पडद्याकडे बघते, पडदा हलतो. पुरुष पाण्याकडे बघतो, पाणी हलतं. ती दोघं एकमेकांच्या स्वप्नात आहेत की घरात, ते कळायला मार्ग नाही. संवाद म्हणावेत तर माझ्या दाराशी येणारा पेपरवाला जास्त बोलतो. मी प्रामाणिकपणे पंधरा-वीस मिनिटं बघितलं आणि मग डोळे मिटले.

जाग आली ती दादाच्या घोरण्याने.

शीळ, फुस्स, आणि मग बंद. क्षणभर मला वाटलं रविवार आहे, मी माहेरी आहे, आता कुणीतरी चहा टाकेल. इतकं बरं वाटलं मला. हे मी वहिनीला अजून सांगितलेलं नाही. मग डोळे उघडले तर समोर पडद्यावर एक देखणा, उघड्या अंगाचा नट पालथा झोपलेला. नाक सुईसारखं सरळ. आणि त्या नाकातून माझा भाऊ श्वास घेत होता.

ती नटी लाकडी जमिनीवरून अनवाणी, हलक्या पावलांनी त्याच्याकडे आली आणि उशाशी बसली. पुढे काहीच झालं नाही. तो झोपून, ती बसून, आणि घरभर दादाचा श्वास. संपेचना. मागून कुणीतरी मुद्दाम मोठ्याने घोरलं. हशा पिकला. दुसऱ्या कुणीतरी "श्श" केलं. मी वहिनीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ताठ बसली होती आणि तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर वळ उठले.

खेळ संपल्यावर दिग्दर्शक आणि भाची मंचावर बसले आणि प्रेक्षकांना बोला म्हणाले. लोक तयारच होते. एक गृहस्थ उठून म्हणाले, "ते झोपेचं दृश्य आमच्या घरी रोज फुकट असतं. त्यासाठी तिकीट?" अर्धं थिएटर हसलं. एक बाई डोळे पुसत म्हणाली, कुणाला झोपलेलं बघत राहणं म्हणजेच प्रेम, हे मला आज समजलं. "तुम्हाला समजलं, आम्हाला झोप लागली," मागून कुणीतरी ओरडलं. मग एक दाढीवाला उभा राहिला. श्वास मध्येच थांबतो ती जागा दिग्दर्शकाने किती विचारपूर्वक ठेवली आहे, तिथे मृत्यू हळूच खोलीत येऊन जातो, असं म्हणाला. मला उठून सांगावंसं वाटलं, बाबा रे, ती जागा झोपाळ्याने ठेवली आहे. नावं ठेवणाऱ्यांचा मला राग आला, पण ह्या कौतुकवाल्यांचा जास्त आला. ते तर दादाला नेऊन आपल्या घरातच ठेवायला निघाले होते.

मग कुणीतरी विचारलं, तो श्वास आणला कुठून? दिग्दर्शक म्हणाला की पाच-सहा नटांचे श्वास घेऊन पाहिले, सगळे खोटे वाटले. आणि त्याने माईक भाचीकडे दिला. पोरगी आईकडे बघून हसली.

"तो माझ्या बाबांचा श्वास आहे. बाबा आता नाहीत. आणि त्यांच्याकडे चालत येणारी पावलं माझ्या आईची आहेत. आई इथेच बसली आहे."

टाळ्यांचा नुसता कडकडाट. हसणारे, ओरडणारे, झोपलेले सगळे उठून वहिनीकडे बघत टाळ्या वाजवायला लागले. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं. वहिनी उठली, पण दाराकडे निघाली. मी पर्स सावरत तिच्या मागे.

घरी आल्यावर तिने दादाची टेप सुरू केली, कानाला हेडफोन लावले आणि डोळे मिटून बसली. थोड्याच वेळात काढून टेबलावर ठेवले. "तो नट दिसतो," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी भाची आली. दारातच तिचा चेहरा उतरला.

"आई, मला वाटलं तुला आवडेल."

"विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस," मी मध्ये तोंड घातलं. "शाबास! घरफोडी करणारेसुद्धा विचारत नाहीत, ह्याच कारणासाठी."

"आत्या, बाबा माझेही होते," ती म्हणाली आणि रडायला लागली. ते खोटं नव्हतं.

वहिनीने तिला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला नाही.

"लोक हसले म्हणून रागावलीस का?" भाचीने विचारलं. "मी तो श्वास काढते. दिग्दर्शकाशी भांडेन, पण काढते."

"हसले त्याचं काही नाही. ते जिवंत असतानाही लोक हसायचेच. मी जपून ठेवायला दिलं होतं गं तुला. दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. ह्यांच्या बहिणीलासुद्धा दिलं नाही."

"पण आई, त्या दृश्यात तुम्ही दोघं आहात. तू बाबांकडे चालत जातेस. ते आता कायमचं राहील. मी ते तुमच्यासाठीच केलं."

वहिनीने टेबलावरचे हेडफोन बाजूला सारले.

"मला तू बिनआवाजाचं चित्र दाखवलंस. मी त्या नटीची पावलं टाकली. हलकी, वीस-बावीस वर्षांची, देखण्या माणसाकडे निघालेली. तुझ्या बाबांकडे मी अशी कधी गेले नाही. मी टाचा आपटत जायची, हातात चादर असायची, 'अहो, कुशीवर वळा' म्हणायला. ती पावलं टाकताना एकदा ते मला पुन्हा मिळाले होते आणि मला ठाऊकच नव्हतं. सांगितलं असतंस, तर मी माझ्या पायांनी गेले असते."