तेलाने माखलेल्या हातांना नमस्कार

गेल्या मार्गशीर्षात, शेजारच्या बारशाला, माझ्या आईला भरल्या पंगतीतून उठवलं. त्याच बाळाला आणि त्याच्या आईला ती रोज तेल लावून न्हाऊ घालत होती. "मालिशवाल्या बाईंना मागच्या दारी वाढा गं," यजमानीण म्हणाली.

तो राग सोबत घेऊनच मी मालिश शिकायला थायलंडला आले. इथे रोज सकाळी, कुणाच्याही अंगाला हात लावण्याआधी, सगळे आपापल्या गुरूला आठवून हात जोडतात. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुझा गुरू कोण?" मी सरळ आईला व्हिडिओ कॉल लावला. अख्खा वर्ग गुडघ्यांवर बसला आणि फोनपुढे वाकला.

"अगं बये, मला कसला नमस्कार? हात बघ माझे, तेलाने माखलेत!" आई ओरडली. मग हसत हसत तिने तेच हात जोडले. पडद्यावर ते नुसते चकाकत होते.

अंगाला हात लावणं हलकं काम असेल, तर आपण सगळेच हलक्या हातांत वाढलोय. त्या सकाळी आई जिंकली. आता तुमच्या घरचं बारसं. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईला पहिल्या पंगतीत बसवा, आणि वाढायला तुम्ही स्वतः उभे राहा.