रेग्ला म्हणजे हवाना नव्हे

हवानाच्या बंदराच्या पलीकडच्या काठावर, रेग्लात, नेरेइदा परदेशी पाहुण्यांना एक खोली भाड्यानं द्यायची. म्हणजे द्यायला बसलेली असायची. खोलीत खोट नव्हती, खोट तिच्या तोंडात होती. फोनवर कुणी विचारलं, "बाई, खोली हवानातच ना?" की ही म्हणणार, "छे हो! हवाना समोर. होडीनं जावं लागतं." वर फुकटचा सल्ला: जुन्या भागात पहाटेपर्यंत गाणंबजावणं, मधल्या हवानात पाण्याची बोंब, तेव्हा वेदादो भागच बघा. सरकारदरबारी रेग्लाही हवानातच मोडतं. पण इथली माणसं होडीत बसताना आजही "हवानाला चाललो" म्हणतात, त्याला कोण काय करणार?

"गिऱ्हाईक हाकलायचा धंदा जोरात आहे हं तुझा," शेजारीण ओदालिस टोमणा मारायची.

एकदा अमेरिकेतून नेरेइदाच्या मुलाचा, ओस्निएलचा फोन आला. बऱ्याच वर्षांनी येत होता, बायकोला घेऊन.

"आई, आम्ही हवानाला येतोय. राहायला कुठला भाग बरा गं?"

हवानाला! म्हणजे घरी नाही. नेरेइदानं आवाज ताठ ठेवला. "वेदादो. झाडं आहेत, शांत आहे."

"बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

तरी तिनं चुकूनमाकून आलेलं एक गिऱ्हाईक परतवलं आणि पलंगावर नवी चादर घातली. न जाणो.

मुलगा-सून रोज दुपारी होडीनं जेवायला येत, संध्याकाळी परत जात. शेवटच्या दिवशी कोंबडीभात खाता खाता ओस्निएलला खोलीच्या दारातून ती चादर दिसली.

"कुणी येणारेय का गं?"

"आहेत एक पाहुणे."

"तरीच! म्हणून आम्हाला वेदादोला धाडलंस. मला वाटलेलं, तू म्हणशील, 'भाग कसला विचारतोस मेल्या, घर आहे की!'"

"हवानाला येतो असं कोण म्हणालं?"

"अगं, तिकडे सगळे हवानाच म्हणतात! रेग्ला कुणाला ठाऊक?"

नेरेइदाला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. डोळे भरून आले. "गाढवा, ते पाहुणे तुम्हीच होतात."

सून खाली बघून भात चिवडू लागली.

"आज इथंच झोपा," नेरेइदा म्हणाली.

"अगं, सकाळी विमान. बॅगा सगळ्या वेदादोत आहेत."

"बॅगा राहू देत तिथं," ती म्हणाली. "त्यांना कुठे आई आहे?"