ह्यांची घडीची सायकल

आमचे हे जाऊन आज वर्ष झालं. तरीही ही पोस्ट रडण्याची नाही, सायकलची आहे.

हात जोडलेले इमोजी टाकून पुढे जाणाऱ्यांनी खुशाल जावं.

रिटायर झाल्यावर चौथ्याच दिवशी ह्यांनी घरी एक खोकं आणलं. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यामुळे मी भांडायच्या तयारीतच होते.

"काय आहे?"

"सायकल."

"एवढ्याशा खोक्यात?"

"फोल्डिंग आहे. घडी घालता येते."

"साडी आहे का घडी घालायला?"

ह्यांनी खोकं फोडलं. टीव्हीसमोर उभं राहून लिव्हर ओढल्या. खट्, खट्, खट्. आणि हॉलमध्ये आख्खी सायकल! पुन्हा खट्, खट्, खट्. सायकल गायब, नुसतं गाठोडं.

मी म्हटलं, "परत करा बरं." पाच वेळा करायला लावलं.

नवीन वाहन म्हटल्यावर पूजा आलीच. मी कुंकू आणलं आणि घडी घातलेल्या सायकलवर मधोमध झकास स्वस्तिक काढलं. ह्यांनी उघडली, तर अर्धं स्वस्तिक पुढच्या चाकाकडे आणि अर्धं मागच्या! मला रुखरुख लागली. हे म्हणाले, "दोन्ही चाकांना सारखं मिळालं. भांडणं नकोत."

पुढचे दोन महिने नुसती धमाल.

सायकल लिफ्टमध्ये मावते. डायनिंग टेबलाखाली मावते. विश्रांतवाडीला नणंदेकडे तर सोफ्यामागे मावली, तिला चहा होईपर्यंत पत्ता नव्हता.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आजोबा, सायकल चालत नाही बसमध्ये."

हे म्हणाले, "मग मी कुठे चालवतोय? मांडीवर घेतलीय."

बसने जायचं, उतरून उघडायची आणि गल्लीबोळ पालथे घालायचे. मग फोन. "ओळख मी कुठे असेन!"

मी ओळखायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजत, घरी बसून.

कारण मला सायकल येत नव्हती. हो, पुण्यात जन्मून! उंची चार फूट दहा इंच. लहानपणी भावाच्या सायकलवर चढायला गेले आणि हात मोडून घेतला. आई म्हणाली, "पुरे झाली हौस." मग वडिलांच्या कॅरिअरवर, भावाच्या कॅरिअरवर, आणि लग्नानंतर ह्यांच्या स्कूटरवर. साठ वर्षं मी पुणं पाहिलं ते कोणाच्या तरी खांद्यावरून.

एक दिवस फोन आला तेव्हा मी फटकन बोलले, "तुमची मजा आहे. मला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला पार्किंगमध्ये नेलं. सीटखालची लिव्हर सोडली आणि सीट दाबली, ती गेली की हो पार खाली!

"बस."

बसले. दोन्ही पाय जमिनीवर. सपाट. टाचांसकट!

ही करामत त्या सायकलीत पहिल्या दिवसापासून होती. आम्ही दोघं लिफ्ट आणि सोफेच मोजत बसलो होतो.

"मागून धरा ना," मी म्हटलं.

"पाय टेकतायत ना? मग धरू कशाला?" आणि हे खुर्ची टाकून बसले.

तळमजल्यावरचे काका गॅलरीतून म्हणाले, "वहिनी, ह्या वयात?"

"मग कुठल्या? आधीची संपली."

आठ दिवस नुसती बदकासारखी ढकलत होते. नवव्या दिवशी पाय आपोआप वर उचलले गेले आणि मी चालले! खरंच चालले! "अहो, बघा!" म्हणून ओरडले, तर हे लेकीला फोन लावत होते. "तुझी आई सायकल चालवतेय. थांब, परत चालवायला सांगतो, मी बघितलंच नाही."

सायकल एक, माणसं दोन. सीटच्या दांड्यावर मी माझ्या लाल नेलपॉलिशने दोन खुणा केल्या. एक ह्यांची, एक माझी. सोसायटीच्या रस्त्यावर मी रोज फिरायचे. मेन रोडला मात्र हे म्हणायचे, "अजून थोडे दिवस."

मग गेल्या वर्षी हे दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

सीट ह्यांच्या खुणेवर होती.

वर्षभर मी तिला हात लावला नाही. लेक गुणाची आहे. "आई, कुठे जायचं असेल तर सांग, मी नेते." ती नेते. मी परत मागे बसले.

आज फोटोला हार हवा होता. लेक म्हणाली, "ऑफिसमधून येताना मी आणते."

"नको," मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं.

लिव्हर घट्ट झाली होती. दोन्ही हातांनी ओढली. सीट माझ्या खुणेवर आणली. थोडी रडले. मग हवा भरली.

डेक्कनपर्यंत बस, सायकल मांडीवर. तिथे उतरून उघडली आणि पूल ओलांडून सरळ बुधवार पेठ. रिक्षावाले हॉर्न मारत होते, मी घंटी मारत होते. काय सांगू, वारा समोरून लागतो हो! साठ वर्षं मला तो कुणी सांगितलाच नव्हता.

फुलवाली म्हणाली, "आजी, सायकलवर आलात?"

"मग काय उडत?"

तीही हसली, मीही हसले.

अहो, हार घातलाय तुम्हाला. शेवंतीचा आहे, ताजा आहे. लक्ष्मी रोडला गर्दी होती तिथे मी उतरून चालले, काळजी नसावी.

हा मी स्वतः जाऊन आणलाय. कोणाच्या मागे बसून नाही.

नमस्कार करते.