घोवाच्या नावाचा उमेदवार

इंग्रजांच्या अमदानीतल्या कौन्सिलच्या निवडणुकीत मी पूर्णगडच्या मतदान केंद्रावर कारकून होतो. मतपत्रिकेवर नुसती नावे होती. वाचता न येणाऱ्याने नाव सांगायचे आणि केंद्रावरच्या अधिकारी साहेबांनी फुली करायची. टोपली बाहेर ठेवून, हात पदराला पुसत एक कोळीण आत आली आणि गप्प उभी राहिली.

"बाई, मत द्यायचं नाही का?" साहेबांनी विचारले.

"द्यायचा हाय. पण त्याचा नि माज्या घोवाचा नाव एकच. मी कसा घेव तोंडान?"

नवऱ्याचे नाव ती घेणार नाही हे ओळखून साहेब स्वतःच एकेक नाव वाचू लागले. तिसऱ्या नावाला तिने डोक्यावर पदर ओढला. साहेबांनी तिथेच फुली केली.

"पुढच्या खेपेस चित्रां काढा, सायेब. बोट तरी दाखवता येयल."

कितीतरी दिवसांनी मी हसलो. त्याच वर्षी माझी पत्नी गेली होती. तिला हे सांगितले असते, तर जन्मात माझे नाव न घेतलेली तीही हसली असती.