अंगात आणणारी मावशी

तेलमावशी माणसांशी बोलण्याआधी त्यांच्या गुडघ्यांशी बोलायची. "काय रं, रुसलास का?" असं गुडघ्याला विचारून ती कान देऊन थांबे आणि मग गुडघा काय म्हणाला ते आपल्याला सांगे. कर्जतच्या निम्म्या बाळंतिणी तिच्या हाताखालून गेल्या होत्या. सकाळी जवळच्या कोंडाणे गावाहून चालत यायची. हातात तिळाच्या तेलाचा डबा असे, आणि चहा पोटात गेल्याशिवाय तो उघडत नसे.

न विचारता कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, ही तिची रीत. "हात धरू का?" विचारायचं, आपण हो म्हटलं की मगच तेल. आमच्या शेजारणीला या सोपस्काराचा कंटाळा येई. तिला मावशी म्हणे, "इचारल्याबिगर मळायला ती कणीक हाय का?"

माझी तिची गाठ पडली सत्तर सालच्या सुमाराला. माझं पहिलं बाळ जन्मतःच गेलं होतं आणि मी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आले होते. घरचे इतके जपून वागत की त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. मी कामाला लागले, पण भूक कळेना, झोप कळेना. एकदा तव्याला हात चिकटला ते करपल्याचा वास आल्यावर समजलं. सासूबाई घाबरल्या. पोर नाही तर तेल कसलं लावायचं, असं आळीतल्या बायका म्हणाल्या, तरी त्यांनी मावशीला बोलावणं धाडलं. मावशीने माझा भाजलेला हात पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"वयनी, ही अंगात नाय," ती सासूबाईंना म्हणाली. "हिला अंगात आणाया पायजे."

सासूबाईंनी त्याचा घ्यायचा तोच अर्थ घेतला. दुसऱ्या दिवशी ओटीवर पाट, नारळ, लिंबं, धूप अशी जय्यत तयारी. देवी अंगात येणार म्हणून दोन शेजारणीही येऊन बसल्या. एकीला मुलाच्या नोकरीचं विचारायचं होतं, दुसरीची म्हैस हरवली होती. मावशी त्या धुरात खोकतच शिरली आणि म्हणाली, देवीला कशाला त्रास, हिची हीच अंगात आली तरी पुरे. म्हशीवालीचं तोंड असं काही उतरलं की मला हसू फुटलं. हसताना पोटात कळ आली. कितीतरी दिवसांनी मला काही कळलं होतं.

मावशीने मला आत नेऊन निजवलं. पोटाला हात लावू का, विचारलं. मी हो म्हटल्यावर तिने तेल न लावताच नुसता तळवा ठेवला.

"हितं नऊ म्हैने कुनी ऱ्हायलं हुतं. काय झालं ते पोटाला सांगितलं का कुनी?"

"नाही."

"मग तू सांग गं बाय. ते अजून वाट बघतंय."

मी सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही, कारण निम्मं रडण्यातच गेलं. मावशीचा हात हलला नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, मुलगा होता की मुलगी, आणि बाळ कुणासारखं दिसत होतं. हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मुलगी, मी म्हटलं, जिवणी थेट सासूबाईंची. दाराशी उभ्या सासूबाई पदर तोंडाला लावून मटकन खाली बसल्या, आणि मग आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो. दुपारी मला कडकडून भूक लागली. पाटावरच्या नारळाची चटणी झाली आणि म्हशीवालीसकट सगळ्या जेवलो. म्हैस दुसऱ्या दिवशी आपली आपणच घरी आली. त्याचं श्रेय मात्र देवीला गेलं.

पुढे मला मुलगा झाला, मग मुलगी. दोघांनाही मावशीनेच पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. तुला मुलं किती, असं कुणी मला विचारलं की माझ्याआधी तीच सांगून टाके, "तीन. थोरली ऱ्हायली नाय." विचारणारी ओशाळून विषय बदले. मला मात्र फार बरं वाटे.

मावशी गेली तेव्हा मी कोंडाण्याला गेले. तिच्या सुनेने मला ओळखलं नाही. पाणी दिलं, जवळ बसली आणि बोलता बोलता विचारलं, मुलं किती.

"तीन," मी म्हटलं. "थोरली राहिली नाही."