मुलींची छाती मोजत नाहीत

मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. जळगावात कॉलेजला असताना एसटीच्या पासांवर, वसतिगृहाच्या पाण्यावर, बसस्थानकातल्या संडासांवर एका पानात मावतील अशी कितीतरी पत्रकं मी लिहिली. पत्रकाचा एक नियम असतो. दुखणं पहिल्या चार ओळींत सांगायचं, आडवळणं घ्यायची नाहीत. म्हणून इथेही सांगते. माझे स्तन मोठे आहेत. आठवीपासून आहेत. त्यांचा मला त्रास होतो, आणि जगाच्या सगळ्या त्रासांवर लिहूनही या त्रासावर मी एक ओळ कधी लिहिली नव्हती.

लोकांना वाटतं त्रास म्हणजे नजरा. नजरा आहेतच. पण मे महिन्यात आमच्या पहूरकडे ऊन तापतं तेव्हा स्तनांखाली घामोळं उठतं, मग कातडी सोलवटते, आणि तिथे पावडर लावायला भरल्या घरात कोपरा सापडत नाही. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खाचा पडल्या आहेत, बोट ठेवलं तर बोट बसतं. कापूस वेचायला वाकलं की पाठ जी धरते ती दुसऱ्या दिवशी सुटते. डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, वजन कमी करा. शाळेत पीटीच्या बाई ओरडायच्या, पाठ सरळ! घरी आई म्हणायची, "छाती काढून काय चालते वं? जरा आवरून चाल ना माय." दोघींपैकी आई रोजची होती. मी कुबड काढून चालायला शिकले.

जळगावात एकदा हिंमत करून एकटीच दुकानात गेले. काउंटरवर काका. मी साईज सांगितला, खरं तर अंदाजच सांगितला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, सोबत कुणी आहे का म्हणून.

"आईसाठी पाहिजे का?"

"नाही. मला."

"ताई, एवढ्या मापात पोरींचं येत नाही. बायांचं येतं." आणि माझ्या आजीच्या वयाच्या बाईला शोभेल असं काहीतरी, वर्तमानपत्रात गुंडाळून, काउंटरवर सरकवलं. मी ते घेतलं. एसटी महामंडळाशी भांडणारी मी, त्या काकांशी भांडले नाही. याचा राग मला अजून आहे.

पदवी झाल्यावर मी पोलीस भरतीचं ठरवलं. विद्यार्थी संघटनेतले मित्र हसले. "मोर्चात ज्यांनी तुझं नाव लिहून घेतलं, त्यांच्यातच चाललीस?" मी म्हटलं, हो. ठाण्यात तक्रार द्यायला आलेल्या मुलीला समोर बाई बसलेली दिसली पाहिजे, असं आपणच छापलं होतं. ती बाई काय आभाळातून पडणार आहे? आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका भरतीपुरती मुदत दिली. झाली तर झाली, नाहीतर घरी. मी धुळ्याला देवपुरात खोली घेतली आणि एका भरती अकॅडमीत नाव घातलं.

लेखीची मला भीती नव्हती. भीती होती आठशे मीटरची. मैदानाच्या दोन फेऱ्या. तेवढ्या दोन फेऱ्यांवर माझी ती एकुलती मुदत टांगलेली होती.

पहिल्या दिवशी पहाटे मी धावले आणि अर्ध्या फेरीत थांबले. दम नव्हता लागला. पाय चांगले होते, शेतातले पाय आहेत. पण प्रत्येक पावलाला छाती वर उसळते, खाली आदळते, आणि आदळली की मानेपासून बरगडीपर्यंत कळ जाते. मग हात आपोआप छातीवर येतात. हात छातीवर घेऊन कुणी धावू शकत नाही, करून बघा. त्यात मैदानाच्या कठड्यावर भरतीचीच पाच-सहा पोरं बसलेली. "आली रे, एअरबॅग आली!" असं एक जण म्हणाला आणि बाकीचे खिदळले.

सर आमचे माजी सैनिक. माणूस वाईट नाही. पण त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं काय, तर "ओढणी नीट पिनअप करून येत जा."

फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "फडकं बांध घट्ट. आम्ही नाई का काढले दिवस? बांधलं म्हंजे हालत नाई अन् दिसत बी नाई." आईचं ऐकून मी मेडिकलमधून पायाला गुंडाळतात ती क्रेप बँडेज आणली, दोन रोल. खोलीत माझ्याबरोबर अकॅडमीतलीच भुसावळची एक मुलगी राहायची, रेल्वे कॉलनीत वाढलेली, काडीसारखी उंच. तिने माझ्या पाठीला गुडघा लावून ती बँडेज ओढली. मला वाटलं, आता जमलं. हलत काही नव्हतं. पहिली फेरी मी सगळ्यांच्या पुढे काढली. दुसऱ्या फेरीच्या वळणावर डोळ्यांपुढे पिवळं झालं, आणि पुढचं मला आठवतं ते म्हणजे तोंडात माती आणि सरांचा आवाज, "उपाशी पळतेस का गं?"

मी म्हटलं, "हो सर."

भुसावळवाली खोलीत बँडेज सोडता सोडता शिव्या देत होती. "श्वास कुठून घेणार तू? फुप्फुसं बांधून ठेवलीस ना! आणि सरांना खोटं का बोललीस? एरवी तर माइक दिसला की सुटतेस."

तिचं खरं होतं. बरगड्यांवर बँडेजचे वळ होते आणि मी उपाशी नव्हते, पोहे खाऊन गेले होते.

मग आला रविवार. रविवारी अकॅडमीत मुलांची मापं घेतात. भरतीत मुलांची छाती मोजतात, आधी साधी, मग श्वास भरून फुगवलेली. फुगवल्यावर ठराविक वाढली नाही तर मुलगा बाद. त्यामुळे दर रविवारी पोरं शर्ट काढून रांगेत उभी, आणि सर गळ्यात टेप घालून ओरडताहेत, "फुगव! अजून फुगव! लाजतो काय, छाती आहे ना तुला?" ज्याची भरली त्याची पाठ थोपटली जायची. ज्याची नाही भरली तो कोपऱ्यात जाऊन जोर मारायचा. एअरबॅग म्हणणारा तो पोरगा दर रविवारी कोपऱ्यातच असायचा.

मी ओढणी पिनअप करून हे बघत बसले होते. एकाच मैदानावर त्यांना फुगव म्हणतात आणि मला आवर म्हणतात. ठीक आहे, ते जग आहे, त्यावर पत्रक निघेल. पण माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी अडकलं. या पोरांना आपापला आकडा तोंडपाठ आहे. मला माझा माहीत नाही. दुकानात अंदाज सांगितला होता. त्याआधी आईचे कपडे. माझ्या अंगाला आजवर कुणी टेप लावलेलीच नाही.

मी उठले आणि रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"सर, टेप द्या."

"तुला कशाला? मुलींची छाती मोजत नाहीत."

"म्हणूनच द्या."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांचे कान लाल झाले. मी आवाज तोच ठेवला, गेटसभेत ठेवते तो. "सर, त्या दिवशी मी उपाशी नव्हते. छाती बांधून धावले म्हणून पडले. मला धावायला कपडा शिवायचाय आणि माप माहीत नाही. आम्ही सहा मुली आहोत. सहाही जणी अंदाजाने घालतो."

सरांनी गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली आणि रांगेकडे वळून ओरडले, "हसतं कोण आहे? दोन फेऱ्या!"

मैदानामागे पत्र्याची खोली आहे, तिथे आम्ही सहा जणींनी एकमेकींना मोजलं. सुरुवातीला हसून हसून टेप हातातून पडत होती. मग हसणं थांबलं. कारण आकडे बाहेर यायला लागले, आणि एकीचाही आकडा तिने घातलेल्या मापाशी जुळत नव्हता. भुसावळवाली माझा आकडा वाचून म्हणाली, "अगं, तू दोन साईज लहान घालतेस! कशी जिवंत आहेस?" आणि स्वतःचा वाचून टेप पुढच्या मुलीकडे सरकवली. ती लाजेने मोठा घालायची. प्रत्येकीला वाटत होतं की आपलं अंगच चुकीचं आहे. मी आकडे कागदावर लिहिले.

तो कागद घेऊन देवपुरातच एका अक्काकडे गेले. अक्का घरी ब्लाउज शिवते, दारात फॉल-पिकोची पाटी, बोलणं अहिराणी.

"मापना ब्लाउज लई उनी का?" तिने मशीनवरून मान न उचलता विचारलं. मापाचा ब्लाउज आणलास का, आपल्याकडे शिवणारीचा पहिला प्रश्न हाच. अंगाला हात लावायचा नाही, जुना ब्लाउज द्यायचा, ती त्यावरून नवा कापणार.

मी कागद पुढे केला.

"हाई काय शे?"

"आमची मापं, अक्का. टेप लावून घेतलेली."

तिने चष्मा नाकावर खाली ओढून कागद वाचला. मग मशीन थांबवलं. इतकी वर्षं शिवतेय, पण बाया कागद आणत नाहीत, मापाचा ब्लाउजच आणतात, असं म्हणाली. "जुना तंग ऱ्हास, मंग नवा बी तंगच. त्या बी बोलतस नही, मी बी बोलस नही." आणि मला उभं करून स्वतःच्या टेपने पुन्हा मोजलं, कारण पोरींच्या मापावर तिचा भरवसा नव्हता. मी खांदे आत ओढले तर फटकन पाठीत चापट. "सरळ उभी ऱ्हाय! तुले मोजी ऱ्हायनू का तुन्ह्या कुबडले?"

पहिला कपडा आठ दिवसांत झाला. जाड होजिअरीचे दोन पदर, रुंद पट्टे, पाठीवर फुली, पुढून हुक. पहिल्याच फेरीत खालचं इलॅस्टिक गुंडाळून वर चढलं. दुसऱ्या कपड्याला इलॅस्टिक रुंद लावलं, तर वळणावर हुक तुटला आणि मी एक हात छातीवर दाबून फेरी पुरी केली. थांबले नाही. कठड्यावरून तोच आवाज आला, "एअरबॅग फुटली रे!"

मी फेरी संपवली, ओढणी गुंडाळली आणि कठड्यासमोर गेले. "भाऊ, दर रविवारी तुझी छाती भरत नाही. सरांसमोर तुझा चेहरा पडतो. आम्ही सहा जणी ते बघतो. आजपर्यंत एक तरी जण हसली का?"

त्याच्या शेजारचा म्हणाला, "ताई, मजाक होती." मी म्हटलं, तुमची होती. माझी तर मुदत आहे ही. दुसऱ्या दिवसापासून कठडा गप्प. पोरं सुधारली असं मी म्हणणार नाही, पण तोंड बंद राहिलं, आणि धावायला तेवढं पुरे.

तिसरा कपडा कापण्याआधी मला पळताना बघायचंच म्हणून अक्का हट्टाला पेटली. "पयतांना कपडा काय करस, ते माले दखनं शे." सकाळी सहाला ती शाल पांघरून मैदानावर हजर. सरांनी विचारलं, या कोण? भुसावळवाली म्हणाली, "दुसऱ्या कोच, सर." अक्का मातीच्या कडेला उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती, जशी मशीनच्या सुईकडे बघते. तसं मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. तिला फक्त शिवण दिसत होती.

"डावा पट्टा चढस," ती म्हणाली. "उतार ते, आज दुरुस्त करस."

तिसरा कपडा टिकला. पुढे दोन महिने मी रोज धावले. वेळ सेकंदा-सेकंदाने उतरत गेली. कळ गेली असं नाही. मोठी छाती घेऊन धावणं सोपं नसतंच, पण आता ते अवघड होतं, अशक्य नव्हतं. बाकी पाचही जणींनी अक्काकडून शिवून घेतलं. फोनवर आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "बाईमाणसानं मोजलं ना?" मी म्हटलं, आधी पोरींनी, मग अक्काने. मग आई म्हणाली, "मले कोनी मोजलं नाई," आणि केळीला पाणी द्यायचं आहे म्हणून फोन ठेवला.

मैदानी चाचणी जळगावला होती. सकाळी आम्हाला छातीवर लावायला नंबर दिले, कापडावर छापलेले. जुन्या सवयीने मी तो पोटाजवळ लावायला घेतला, म्हणजे तिथे कुणी बघणार नाही. मग स्वतःलाच म्हटलं, नंबर छातीचा आहे, छातीवर लाव. चार पिना, चार कोपरे, सरळ.

शिट्टी झाली. पहिल्या फेरीत मी मधे होते. वळणावर कळ आली, आली तशी येऊ दिली, हात खालीच ठेवले. दुसऱ्या फेरीला पुढच्या दोघी दमल्या आणि मी त्यांच्या बाजूने निघाले. शेवटच्या सरळ पट्ट्यात मला कुणी बघतंय का ते मला माहीत नाही, कारण मी बघितलं नाही. रेघ ओलांडली तेव्हा घड्याळवाल्याने वेळ सांगितली. मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितली. सरावातल्या माझ्या कुठल्याही वेळेपेक्षा ती कमी होती. मैदानी पास.

लेखी अजून व्हायची आहे, अभ्यास चालू आहे. पण त्या रेघेपलीकडे मी ओढणी शोधली नाही. कमरेवर हात ठेवून, पाठ सरळ करून, सगळ्यांसमोर उभी राहिले. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. श्वास परत यायला जितका वेळ लागला तितका मी घेतला.