टीव्हीवरचा बाप

अ‍ॅटली श्लाबाकला मी एकोणीस वर्षं गाडीतून नेलं-आणलं. आमिश हा अमेरिकेतला जुन्या रीतीने राहणारा ख्रिस्ती पंथ; त्यातला माणूस मोटार चालवत नाही, घरात टीव्ही ठेवत नाही. पण लांबचा डॉक्टर, लाकडाची वखार, परगावचं लग्न घोडागाडीने जमत नाही, मग आमच्यासारख्या बाहेरच्यांना बोलावणं येतं. माझा नवरा गेल्यावर मी हेच काम धरलं. अ‍ॅटली झुलत्या खुर्च्या बनवायचा. बोलणं बेताचं, त्यातही मध्येच एखादा टोमणा. माझी गाडी कुरकुरली की म्हणायचा, "कॅरल, माझा घोडा निदान आजारी पडायच्या आधी खाणं तरी सोडतो."

त्याची थोरली मुलगी लोवायना एकोणिसाव्या वर्षी घर सोडून निघाली. तिला पुढे शिकायचं होतं. आमिश लोक बाप्तिस्मा मोठेपणी घेतात; तिचा झालेला नव्हता, त्यामुळे तिला वाळीत टाकायचा प्रश्नच नव्हता. जानेवारीतल्या त्या सकाळी बसपर्यंत मीच तिला सोडलं, आणि अ‍ॅटली बरोबर आला. बस आली तेव्हा त्याने खाण्याची पिशवी तिच्या हातात दिली. "लोणच्याची बरणी वर ठेवलीय," तो म्हणाला, "पिशवी आडवी करू नकोस." एवढंच. परतताना त्याने खिळे घ्यायचेत म्हणून दुकानापाशी थांबायला सांगितलं. पाऊण तास झाला तरी येईना, तेव्हा मी आत गेले. तो स्क्रूंच्या खणांसमोर नुसता उभा होता. काही न घेताच येऊन गाडीत बसला.

दोन वर्षांनी टीव्हीवर एक मालिका लागली, आमिश घरं सोडून शहरात आलेल्या खऱ्याखुऱ्या पोरांची. तिच्यात लोवायना होती. तिसऱ्या भागात तिचा बाप दाखवला. कुणीतरी नट होता, दाढी लावलेला. तो तिचे कपडे अंगणात फेकतो, रॉकेल ओततो आणि काडी लावतो. मग खरी लोवायना समोर येऊन, बापाला घरी म्हणायची त्याच नावाने सांगते, "डॅटने दार लावलं. ते पुन्हा कधी उघडलं नाही."

नावं बदलली नव्हती. महिन्याभरात अ‍ॅटलीला पत्रं यायला लागली, अनोळखी लोकांची, शिव्यांनी भरलेली. त्याची बायको एडा म्हणायची, चुलीत टाक. पण कुणीतरी बसून लिहिलंय तर आपण वाचायला नको का, असं म्हणून तो एकेक वाचायचा. एकदा खुर्च्या बघायला आलेल्या एका बाईने त्याला तोंडावर विचारलं, की तूच ना तो जाळणारा? त्याला वाटलं, ही भुशाबद्दल विचारतेय. "हो," तो म्हणाला, "दर शुक्रवारी. वारा नसला तर." बाई तरातरा निघून गेली, आणि आपलं काय चुकलं ते त्याला कळेना.

शेवटी वखारीच्या वाटेवर त्याने मला विचारलं, की त्या मालिकेत नेमकं आहे तरी काय. मी थाप मारायला हवी होती. मारली नाही. कपड्यांचं सांगितलं, तेव्हा त्याने नुसती मान हलवली. दाराचं सांगितलं, तेव्हा मात्र तो माझ्याकडे वळला.

"दार मी लावलं होतं खरं," तो म्हणाला. "एडा आणि धाकटी पोरं दारात उभी होती. घरात गारठा शिरत होता, म्हणून बाहेर पडताना मी दार ओढून घेतलं. लोवायना तेव्हा मागे वळून बघत होती का गं?"

"मला नाही आठवत, अ‍ॅटली. मी काचेवरचा बर्फ खरवडत होते."

"बघत असणार," तो म्हणाला.

पुढच्या उपासनेच्या रविवारी तो मंडळीसमोर कबुली द्यायला गुडघे टेकून बसला. अपराध कोणता, असं बिशपने विचारलं. मुलीला जाताना आईकडे धड बघूही दिलं नाही, असं त्याने सांगितलं. हे मला एडाने सांगितलं. बिशपने अ‍ॅटलीला हात धरून उठवलं आणि बाकावर बसवलं. नंतर अ‍ॅटलीने मालिकावाल्यांच्या पत्त्यावर लोवायनाला एक पत्र धाडलं. ते तिला मिळालंच नाही.

ऑक्टोबरात लोवायनाचा मला फोन आला. ती म्हणाली, दाराचं ते वाक्य मालिकावाल्यांनी तिच्याकडून अकरा वेळा म्हणून घेतलं होतं. आधी तिने लोणच्याच्या बरणीचं सांगितलं, तर ते लोक हसले आणि म्हणाले, दुसरं काही आठवतं का बघ. कपडे जाळण्याचं तर तिने टीव्हीवरच पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या कराराच्या कागदांवर सह्या करून बसल्यामुळे तिला उघडपणे काही बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, घरी ये आणि त्याला सांग.

"कुठल्या तोंडाने येऊ?" ती म्हणाली. मग म्हणाली, "नाताळात येते. मीच सांगेन. तू मध्ये पडू नकोस."

म्हणून मी अ‍ॅटलीला काही बोलले नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कारखान्यात खुर्चीचा पाय घासता घासता तो खाली बसला, तो उठलाच नाही.

अंत्यविधीला लोवायना उसना काळा झगा घालून आली. बाकावरच्या बायका सरकल्या आणि त्यांनी तिला मध्ये जागा करून दिली. कुणी काही विचारलं नाही. तिला ते सोसवत नव्हतं, हे मला मागून तिच्या खांद्यांवरून दिसत होतं.

बसकडे जाताना तिने विचारलं, "डॅटने ते पाहिलं होतं का?"

"नाही."

"नक्की?"

"त्याच्याकडे टीव्ही कुठला, पोरी?"

"बरं झालं," ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच रडली. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

आता ती महिन्यातून एकदा आईकडे येते. बसवरून मीच तिला आणते. अ‍ॅटली गुडघे टेकून बसला त्या रविवारबद्दल एडानेही तिला सांगितलेलं नाही. आम्ही दोघींनी तसं कधी ठरवलं नव्हतं.